ऊबदार आवाजाचा हिशेब

दिवाळीला दोन दिवस असताना माझा पुतण्या पुण्याहून हिंगोलीला आला. एका हातात मिठाईचा पुडा आणि दुसऱ्या हाताने, तान्हे मूल धरावे तसे छातीशी धरलेले एक खोके. चहा होईपर्यंतही त्याला दम निघेना. खोक्यातून त्याने एक काळा, जाडजूड हेडफोन काढला आणि मग थर्मोकोलच्या कोंदणातून एक छोटे यंत्र अलगद उचलून टेबलावर ठेवले. यंत्राच्या डोक्यावर काचेच्या तीन नळ्या होत्या. त्याने बटण दाबले. अर्ध्या-पाऊण मिनिटाने त्या नळ्यांच्या पोटात तांबूस उजेड दिसू लागला आणि माझ्या तोंडून आपसूक निघून गेले, "अरे, हे तर व्हॉल्व्ह!"

"हो काका. ट्यूब अँप्लिफायर. याच्यावर आवाज इतका वॉर्म येतो म्हणून सांगू! तुम्ही ऐकाच."

बँकेत छत्तीस वर्षे काढलेल्या माणसाला जो प्रश्न आधी सुचतो तोच मला सुचला. "केवढ्याला पडले?" त्याने स्वयंपाकघराकडे एकदा पाहिले आणि आवाज खाली आणून सांगितले, "दोन्ही मिळून सव्वा लाख. पण एकदम नाही दिले. बारा हप्ते आहेत, नो कॉस्ट ई.एम.आय. व्याज शून्य."

व्याज शून्य! रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्ये परिपत्रक काढून बँकांना बजावले होते की, शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नसते. व्याज कोणीतरी, कोठेतरी भरतच असतो. ते वस्तूच्या किमतीत मिसळलेले असते किंवा न मिळालेल्या सवलतीत दडलेले असते. हे सगळे मी त्या पोराला सणासुदीचे सांगितले नाही. हेडफोन कानांवर चढवला, डोळे मिटले. सतारीची एक गत चालू होती. आवाज खरोखरच गोड होता. भरलेला, गोलसर, थंडीच्या दिवसांत अंगावर वाकळ ओढून घ्यावी तसा.

मात्र ऐकताना मनात आले की या गोडव्यातही कोठे तरी न दिसणारे व्याज असणार. ते किती आणि कोण भरतो, याचा हिशेब मांडून पाहावा. पुढची दिवाळी त्याच उद्योगात गेली.

दिव्यांचा रेडिओ

माझ्या पिढीला व्हॉल्व्ह हे काही नवल नाही. हिंगोली हा जिल्हा झाला १ मे १९९९ रोजी. मी लहान असताना हे परभणी जिल्ह्यातले तालुक्याचे गाव होते आणि आमच्या घरात लाकडी पेटीचा एक मर्फी रेडिओ होता. ठाण्याच्या कारखान्यातून निघालेला. त्याच्यासाठी भिंतीत वेगळी फळी ठोकलेली, त्याच्यावर आईने विणलेला झालरीचा रुमाल, आणि छताखाली या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जाळीची एरियल. रेडिओ बाळगण्यासाठी तेव्हा परवाना लागे आणि त्याचे पैसे वर्षाला पोस्टात भरावे लागत. बटण फिरवले की आधी काचेवरची स्टेशनांची नावे उजळत, मग थोड्या वेळाने आतून एक घुमारा येई आणि त्यानंतर माणसाचा आवाज. वडील म्हणत, "थांबा, दिवे तापू द्या."

ते अक्षरशः खरे होते. व्हॉल्व्हच्या आत एक तार तापून लाल होते. तिच्या उष्णतेने तिच्याभोवतीच्या धातूच्या नळीतून इलेक्ट्रॉन सुटतात. काचेतली हवा काढून घेतलेली असल्याने त्यांना वाटेत अडथळा नसतो आणि ते समोरच्या पत्र्याकडे धाव घेतात. मध्ये एक जाळी असते. जाळीवर गाण्याची क्षीण विद्युतलहर सोडली की ती धरणाच्या दरवाजासारखी वागते. दार जरासे हलते, पण त्यातून जाणारा प्रवाह मोठा असतो. क्षीण आवाज मोठा होतो तो असा. फ्लेमिंगने १९०४ साली पहिला व्हॉल्व्ह केला, ली डी फॉरेस्टने १९०६ मध्ये त्यात ती जाळी घालायची युक्ती काढली, आणि पुढची पन्नास वर्षे जगातला प्रत्येक रेडिओ, प्रत्येक कर्णा या दिव्यांवर चालला. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत डिसेंबर १९४७ मध्ये ट्रान्झिस्टर जन्माला आला आणि दिव्यांचे दिवस भरले. ट्रान्झिस्टरला तापावे लागत नाही, तो फुटत नाही, सेलवर चालतो. शेतावर, बैलगाडीत, पानपट्टीवर रेडिओ पोचला तो त्याच्यामुळे.

आपल्याकडे हे व्हॉल्व्ह कोण करीत असे? बंगळूरची भारत इलेक्ट्रॉनिक्स. मतदान यंत्रे करणारी म्हणून आज ती घराघरात माहीत आहे. १९५४ साली स्थापन झालेल्या या सरकारी कंपनीने १९६१ पासून रेडिओचे व्हॉल्व्ह करायला सुरुवात केली. फिलिप्सचे तांत्रिक सहकार्य होते. रेडिओ मिस्त्रीच्या दुकानात 'बी.ई.एल.' अशी अक्षरे असलेली छोटी खोकी बरणीतल्या गोळ्यांसारखी रचून ठेवलेली असत. रेडिओ मुका झाला की मिस्त्री मागचा पुठ्ठा काढून, नुसत्या नजरेने पाहून सांगे, "व्हॉल्व्ह गेला साहेब." नवा व्हॉल्व्ह बसला की रेडिओ बोलू लागे. तीच खोकी, न वापरलेल्या मालासह, आज जगभरचे शौकीन शोधत फिरतात. आपल्या मिस्त्रीने भंगारात किलोवर घातलेला माल आता नगावर विकला जातो.

कारण नवे व्हॉल्व्ह करणारे कारखाने आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत. रशियात सारातोव्ह, स्लोव्हाकियात चाद्त्सा, चीनमध्ये हुनान प्रांत, ही त्यांची मोठी ठाणी. अमेरिकेत वेस्टर्न इलेक्ट्रिक या जुन्या नावाने पुन्हा थोडे उत्पादन सुरू झाले आहे. मार्च २०२२ मध्ये युक्रेनच्या युद्धापायी रशियाने अनेक वस्तूंच्या निर्यातीवर बंदी घातली, त्यात व्हॉल्व्हही होते. काही आठवड्यांत वाट मोकळी झाली, परंतु तेवढ्यात जगभरच्या गिटारवाल्यांची आणि संगीतवेड्यांची झोप उडाली आणि भाव चढले ते चढलेच. आमच्या पुतण्याने दोन जादा व्हॉल्व्ह आधीच घेऊन ठेवले आहेत. घरात रॉकेलचा डबा भरून ठेवणाऱ्या माझ्या आजीची मला आठवण झाली.

मुद्दल आणि व्याज

आता मूळ प्रश्न. एवढा खटाटोप करून मिळणारा तो 'ऊबदार' आवाज म्हणजे नेमके काय?

आदर्श अँप्लिफायरचे काम बँकेच्या कारकुनासारखे असते. जेवढे आत आले तेवढेच बाहेर जावे, फक्त मोठे होऊन. स्वतःचे काही मिसळायचे नाही. आजचा साधा, ट्रान्झिस्टरवर चालणारा चांगला अँप्लिफायर हे काम विलक्षण चोख करतो. त्याची चूक लाखात एक-दोन भागांइतकी असू शकते. व्हॉल्व्हचा अँप्लिफायर मात्र आपल्या पदरचे काही घालतो, जोरात वाजवला तर शेकडा एकाच्या घरातसुद्धा. म्हणजे मुद्दलावर व्याज लागते.

पण ते व्याज कोणत्या नाण्यात लागते, हे पाहण्यासारखे आहे. व्हॉल्व्हची चूक बहुतांशी मूळ स्वराच्या दुप्पट कंपनांची असते. मूळ स्वर षड्ज असेल तर जोडीला वरचा षड्ज. तंबोऱ्यावर जोडाच्या तारा लावणाऱ्या आपल्या कानाला ही चूक वाटतच नाही, भर वाटते. शिवाय ताकदीबाहेर वाजवला तर ट्रान्झिस्टर आवाजाचे डोके सुरीने कापल्यासारखे कापतो आणि कर्कश होतो. व्हॉल्व्ह मात्र कडा गोल करीत हळूहळू शरण जातो. हा सगळा भौतिकशास्त्राचा मामला आहे, त्यात जादू नाही.

आणि या बाबतीत पाश्चात्त्यांनी आपल्याला शिकवावे अशातला भाग नाही. मिरजेच्या शिकलगार घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या हेच केले आहे. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा बारीक धागा सरकवून जवारी काढतात. धागा केसभर इकडे-तिकडे झाला तर तंबोरा मुका होतो, आणि नेमक्या जागी बसला की एका तारेतून स्वरांचा अख्खा मोहोर फुलतो. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली यावर निबंध लिहिला आणि दाखवून दिले की, तार जेथे छेडली तेथे जे उपस्वर शास्त्राप्रमाणे उमटायला नकोत तेही तंबोऱ्यात आणि वीणेत ऐकू येतात. कारण ती वक्र घोडी. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. ते एका अर्थी या 'व्याजा'च्या कारागिरीलाच मिळाले आहे. फरक एवढाच की जवारी ही वाद्याचा भाग आहे. कलावंताने ती हेतुपुरस्सर लावलेली असते. व्हॉल्व्हचे व्याज लागते ते गाणे गाऊन संपल्यावर, ऐकणाऱ्याच्या टेबलावर, आणि गाणाऱ्याला त्याची वार्ताही नसते.

उबेचा दुसरा उगम आणखी गंमतीचा आहे. प्रत्येक हेडफोनला आपला एक विद्युत अवरोध असतो, त्याला इम्पिडन्स म्हणतात. तो ओहममध्ये मोजतात. पुतण्याचा हेडफोन तीनशे ओहमचा. साधे फोनबरोबरचे हेडफोन सोळा ते बत्तीस ओहमचे. अँप्लिफायरच्या बाहेर पडण्याच्या दारालाही स्वतःचा अवरोध असतो आणि ट्रान्स्फॉर्मर न वापरणाऱ्या व्हॉल्व्हच्या यंत्रात तो बराच मोठा असतो. ठोकताळा असा की अँप्लिफायरचा अवरोध हेडफोनच्या एक-अष्टमांशाहून जास्त नसावा. तीनशे ओहमच्या हेडफोनला चाळीस ओहमचे यंत्र कसेबसे चालते. तेच बत्तीस ओहमच्या हेडफोनला जोडले तर सगळा ताळेबंद बिघडतो.

त्यातही मेख अशी की तीनशे ओहम हा नुसता छापील आकडा आहे. या जातीच्या हेडफोनचा अवरोध खर्जाच्या बाजूला, शंभर कंपनांच्या आसपास, चांगलाच वर चढतो. त्यामुळे मोठ्या अवरोधाच्या यंत्रावर नेमका तेवढाच भाग थोडा उचलला जातो. खर्ज भरतो, आवाज गुबगुबीत होतो. लोक ज्याला व्हॉल्व्हची ऊब म्हणतात तिच्यातला काही हिस्सा दिव्यांचा नसून या दोन आकड्यांच्या संसाराचा असतो. पंचवीस रुपयांचा एक रेझिस्टर योग्य जागी बसवला तर साध्या अँप्लिफायरमधूनही तेवढा हिस्सा काढता येतो. हे मी पुतण्याला सांगितले तेव्हा तो क्षणभर गप्प झाला. मग म्हणाला, "काका, पण तो उजेड नाही ना मिळणार."

पोरगा खोटे बोलत नव्हता.

दहापैकी पाच

लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी आम्ही परीक्षा घ्यायचे ठरवले. पुतण्याजवळ प्रवासासाठी एक लहानसा ट्रान्झिस्टरचा अँप्लिफायरही होता, साबणाच्या वडीएवढा. दोन्हींचा आवाज त्याने मीटर लावून अगदी सारखा केला. हे महत्त्वाचे असते, कारण रतिभर मोठा असलेला आवाज माणसाला नेहमी अधिक चांगला वाटतो. दुकानात याचा फायदा घेतला जातो. माझ्या डोळ्यांवर उपरणे बांधले. धाकट्या भाचीने नाणे उडवून कधी हे, कधी ते यंत्र जोडायचे आणि मी ओळखायचे.

दहापैकी पाच. म्हणजे मी न ऐकता नुसती नाणी उडवली असती तरी साधारण तेवढेच आले असते. पुतण्याचे सात आले. तो विजयी मुद्रेने पाहू लागला, तेव्हा मला कागद-पेन्सिल घ्यावी लागली. नाणे दहा वेळा उडवले तर सात किंवा त्याहून अधिक छापे पडण्याचा योग साधारण सहा खेपांतून एकदा येतो. एवढ्या पुराव्यावर मी कोणालाही कर्ज मंजूर केले नसते. फरक नव्हता असे माझे म्हणणे नाही. तो होता तर इतका बारीक होता की आमच्या दोघांच्या कानांना दहा प्रयत्नांत तो सिद्ध करता आला नाही.

उपरणे सोडले आणि मग पुन्हा ऐकले. तांबूस दिवे समोर पेटलेले. गंमत अशी की आता आम्हा दोघांनाही व्हॉल्व्हचा आवाज स्पष्टपणे अधिक गोड लागला. ऊब कानांत येत होती, पण तिचा बराच मोठा भाग डोळ्यांच्या वाटेने येत होता. माझ्या बाबतीत तर साठ वर्षांपूर्वीच्या त्या फळीवरून.

मग त्या जुन्या रेडिओचा आवाज खरोखर ऊबदार होता का? होता. पण त्याला कारणे होती. मध्यम लहरींवरच्या प्रसारणात उंच स्वर फारसे पोचतच नसत. साडेचार-पाच हजार कंपनांच्या वरचे सगळे छाटलेले असे. लाकडी पेटी स्वतः घुमत असे. व्हॉल्व्ह आपले व्याज लावत असत. आणि या तिन्हींहून मोठे कारण म्हणजे, तो रेडिओ कोणी एकटा ऐकत नसे. बुधवारी रात्री आठला रेडिओ सिलोनवर अमीन सयानींची गीतमाला लागे तेव्हा आमच्या ओसरीवर शेजारच्या चार घरांतली माणसे असत. लघुलहरींवरचा आवाज लाटेसारखा वर-खाली होई. ऐन पायदानावर खरखर सुरू झाली की सगळे एका सुरात हळहळत. सयानी २० फेब्रुवारी २०२४ रोजी गेले. त्या दिवशी मला आठवण झाली ती एका गाण्याची नाही, त्या हळहळण्याची झाली.

परीक्षा चालू असतानाच वीज गेली. ट्रान्झिस्टर तडक गप्प झाला असता. व्हॉल्व्ह तसे करीत नाहीत. दिवे निवेपर्यंत सेकंद-दोन सेकंद गाणे बारीक होत होत विझले. पुतण्याने हेडफोन काढला आणि अंधारात आम्ही सगळे बोलत बसलो. दिवाळीत तो प्रथमच सलग तासभर आमच्यात होता.

कानांचे खाते

या हिशेबात एक खाते मी शेवटासाठी राखून ठेवले होते, कारण ते माझे स्वतःचे आहे.

परीक्षेत माझे पाच गुण आले याला आणखी एक कारण आहे. गेल्या वर्षी नांदेडला मी कान तपासून घेतले. हेडफोन लावून बसवतात आणि बारीक स्वर ऐकू आला की बटण दाबायचे असते. चार हजार कंपनांच्या वर माझा आलेख दरीसारखा खाली उतरला होता, डावीकडे जास्त. पक्ष्यांची किलबिल, 'स' आणि 'श'मधला फरक, झांजेची शेवटची झणक या गोष्टी ज्या प्रांतात राहतात तेथे मला आता अंधुक दिसते. वयाचा भाग आहे, असे डॉक्टर म्हणाले. मग विचारले, "आवाजाच्या ठिकाणी नोकरी केलीत का?" मी नाही म्हणालो. बाहेर पडल्यावर मात्र मला एक जुना कर्ज अर्ज आठवला.

१९९३ साली पंतप्रधान रोजगार योजना आली. सुशिक्षित बेरोजगारांना बँकेने कर्ज द्यायचे. आमच्या शाखेत एक तरतरीत मुलगा मंडप आणि लाउडस्पीकरच्या धंद्यासाठी अर्ज घेऊन आला. प्रकल्प चोख होता. मी शिफारस केली, कर्ज मंजूर झाले. त्याने शेवटचा हप्तादेखील वेळेवर भरला, माझ्या कारकिर्दीतल्या उत्तम कर्जदारांपैकी तो एक. पुढे दोन कर्ण्यांचे चार झाले, चाराची भिंत झाली, भिंतीची ट्रॉली झाली. प्रत्येक मिरवणुकीला ती ट्रॉली माझ्या दारावरून जाते तेव्हा कपाटातल्या काचा थरथरतात आणि तो मला आदराने हात जोडून नमस्कार करतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. त्या ट्रॉलीपुढे हे आकडे सांगायचे म्हणजे पुरात उभे राहून पर्जन्यमान मोजायचे. वसुली शंभर टक्के झाली, असे मी तेव्हा अहवालात लिहिले होते. काय वसूल झाले आणि कोणाकडून, ते तेव्हा कळले नव्हते.

हेडफोनची भिंत दिसत नाही, पण ती कानाच्या पडद्यापासून दोन बोटांवर उभी असते. कानाच्या आत प्रत्येक बाजूला सुमारे पंधरा हजार रोमपेशी असतात. ही जन्मतः मिळालेली ठेव. तिच्यात भर घालता येत नाही, फक्त उचल होते. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब सोपा आहे. ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला चाळीस तास ऐकला तर चालतो. ९० डेसिबल असेल तर आठवड्याला चार तास. १०० असेल तर सारी वीस मिनिटे. जगातल्या १२ ते ३५ वयाच्या शंभर कोटींहून अधिक मुलामाणसांची श्रवणशक्ती अशा ऐकण्यापायी धोक्यात आहे, असे ही संघटना सांगते. हिंगोलीच्या बाजारात चारशे-पाचशे रुपयांना गळ्यातले ब्लूटूथ मिळते. ते लावून ट्रॅक्टर हाकणारा तरुण इंजिनाच्या आवाजावर मात करायला गाणे किती मोठे करीत असेल याची कल्पना करावी.

येथे मला व्हॉल्व्हच्या गोडव्याची खरी भीती वाटते. कर्कशपणा हा एक पहारेकरी असतो. आवाज बोचू लागला की हात आपोआप बटणाकडे जातो. गुळगुळीत, ऊबदार आवाजात तो पहारेकरी डुलक्या घेतो. किती मोठे झाले आहे हे कळत नाही, कारण काही टोचतच नाही. पुतण्याचे यंत्र मी मोबाईलवरच्या मापकाने ढोबळ मोजले. त्याच्या नेहमीच्या खुणेवर काटा नव्वदीच्या घरात होता, आणि तो रोज दोन तास ऐकतो.

व्यापारी जगाला हा ताळेबंद आपल्या आधी कळलेला दिसतो. ऊबदार आवाजाच्या शौकिनांत पूज्य मानला जाणारा जर्मन हेडफोन म्हणजे सेनहायझर. याच कंपनीने १९९१ साली व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरसह ऑर्फियस नावाचा हेडफोन काढला आणि पुढे त्याचा वारस आणला. त्याच्या यंत्रात आठ व्हॉल्व्ह आणि बैठक इटलीतल्या कारारा संगमरवराची. किंमत पन्नास हजार डॉलरच्या वर. या कंपनीचा ग्राहकांसाठीच्या हेडफोनचा विभाग २०२२ साली दुसऱ्या एका कंपनीकडे गेला. ती घेणारी स्वित्झर्लंडची सोनोव्हा. तिचा मूळ धंदा श्रवणयंत्रांचा आहे.

म्हणून कोणाच्या घरात असा शौक शिरला असेल तर थोडे सांगतो. आधी हेडफोनचा इम्पिडन्स विचारा, मग यंत्र निवडा. उलटे करू नका. दुकानात दोन यंत्रे सारख्याच आवाजावर आणि न पाहता ऐका. व्हॉल्व्हच्या यंत्राच्या पोटात शंभर ते तीनशे व्होल्ट खेळत असतात आणि पिन काढल्यावरही कपॅसिटरमध्ये ते दबा धरून बसतात, तेव्हा झाकण उघडायच्या भानगडीत पडू नका आणि लहान मुलांच्या हाताशी ठेवू नका. विजेचा दाब वरखाली होणाऱ्या आपल्या गावांत स्टॅबिलायझर लावा. आणि यंत्रावर लाख रुपये घालण्याआधी कान एकदा तपासून घ्या. तो आलेख सर्वांत स्वस्त आणि सर्वांत खरा अँप्लिफायर आहे.

दुधाळ्याची नळी

हे सगळे लिहिताना माझी नजर राहून राहून औंढ्याकडे वळते. नागनाथाच्या त्या प्राचीन मंदिरासाठी सगळ्यांना ठाऊक असलेल्या या तालुक्यात, दुधाळ्याच्या माळावर, जगातले एक अत्यंत नाजूक ऐकण्याचे यंत्र उभे राहायचे आहे. लायगो-इंडिया. केंद्रीय मंत्रिमंडळाने फेब्रुवारी २०१६ मध्ये त्याला तत्त्वतः मान्यता दिली आणि एप्रिल २०२३ मध्ये २६०० कोटी रुपयांचा खर्च मंजूर केला. उद्दिष्ट २०३० चे आहे. काटकोनात दोन नळ्या, प्रत्येकी चार किलोमीटर लांब आणि आत हवा नाही. पुतण्याच्या टेबलावरच्या काचेच्या नळीसारखीच पोकळी, फक्त शिवार भरून. प्रोटॉनच्या व्यासाच्या दहा हजाराव्या भागाइतकी थरथरदेखील टिपण्याचा या जातीच्या यंत्रांचा दावा आहे. त्यासाठी रस्त्यावरचा ट्रक, दूरचा वारा, जमिनीची कुरकुर असा सगळा पदरचा आवाज वजा करायचा. एकीकडे सव्वा लाख देऊन आवाजात भर घालायची, दुसरीकडे हजारो कोटी खर्चून ती काढायची. एकाच जिल्ह्यात दोन्ही.

पण मला शहाणपणा दिसतो तो पुढच्या गोष्टीत. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या दोन लायगो यंत्रांनी सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षे दूर दोन कृष्णविवरे एकमेकांत मिसळल्याची पहिली लहर टिपली. सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यात ती ३५ कंपनांवरून अडीचशेपर्यंत चढत गेली. योगायोगाने हे माणसाला ऐकू येणाऱ्या पट्टीत बसत होते, म्हणून शास्त्रज्ञांनी तिचा आवाज करून जगाला ऐकवला. आधी आहे तसा, एक खालचा धप्प असा ठोका. मग सुरांची पट्टी वर चढवून, म्हणजे कान अधिक सहज ओळखेल असा. दोन्ही शेजारी-शेजारी दिले आणि कोणता मूळ, कोणता चढवलेला, हे साफ सांगितले.

माझे म्हणणे एवढेच आहे. गोड वाटावे म्हणून भर घालायला हरकत नाही. आमच्या हळदीलाही शिजवून, वाळवून, ढोलात घालून पॉलिश करतातच, आणि संत नामदेवांच्या नरसीपासून हाकेवर भरणाऱ्या बाजारात ती पॉलिश पाहूनच बोली लागते. पण शेतकऱ्याला ठाऊक असते आणि व्यापाऱ्यालाही ठाऊक असते की चकाकी ढोलाची आहे. व्हॉल्व्हची ऊब ढोलाची आहे हे ज्याला ठाऊक आहे त्याने ती खुशाल विकत घ्यावी. ज्याला ती 'खरा आवाज' म्हणून विकली जाते तो शून्य टक्के व्याजाने फसला.

भाऊबीजेच्या संध्याकाळी पुतण्याने आपणहून एक गोष्ट केली. त्या यंत्राच्या पाठीमागे स्पीकरकडे जाणारी एक वाट असते. तिला त्याने माझे जुने स्पीकर जोडले, हेडफोन डब्यात ठेवला आणि एक जुने भावगीत लावले. स्वयंपाकघरातून माणसे एकेक करून बाहेर आली. माझी आई शहाऐंशी वर्षांची. तिला आता ऐकू बेताचेच येते. दिव्यांचा उजेड पाहून ती जवळ सरकली, बराच वेळ कान देऊन बसली आणि मग नातवाला म्हणाली, "रेडिओ लावला का रे? मग खरखर कशी येईना?"